टोकियोतली मोत्सु, लालबागची वजडी

तर मंडळी, आजचा विकांताचा विषय आतड्याचा आहे. अगदी शब्दशः. त्यामुळे ज्यांचा आज उपास असेल किंवा जे ताट पुढ्यात घेऊन बसले असतील, त्यांनी आधी जेवण उरकून घ्यावं आणि मग माझ्यावर रागवावं.

सुरुवात टोकियोपासून करतो, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथे सुरू झाला. खरं म्हणजे तो माझ्या जन्माच्याही आधी लालबागला सुरू झाला होता, पण ते मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी ऑफिसनं दीड महिना ऑनसाइट पाठवलं होतं. क्लायंटचं ऑफिस शिनागावा स्टेशनच्या कोनान बाजूला. उंच काचेचे मनोरे, काळे सूट, गळ्यात ओळखपत्रं, दुपारी बारा वाजता एकदम रस्त्यावर उतरणारी भुकेली गर्दी. आपलं लोअर परळच! फक्त तिथले फूटपाथ चालण्यासाठी असतात, एवढाच काय तो फरक :)

पहिले चार दिवस मी कोपऱ्यावरच्या दुकानातले भाताचे त्रिकोण खाऊन काढले. पाचव्या दिवशी टीममधल्या एका ज्येष्ठ जपानी गृहस्थांना माझी दया आली असावी. ते मला घेऊन एका बारक्या दुकानात गेले. जेमतेम दहा खुर्च्या, त्याही भिंतीकडे तोंड करून. दारातच मशीन. पैसे टाका, बटण दाबा, तिकीट घ्या, काउंटरवर द्या. बटणांवर चित्रं नव्हती आणि जपानी वाचण्याच्या बाबतीत मी ठार निरक्षर. मग त्यांनी जे बटण दाबलं तेच मीही दाबलं. दुसऱ्याचा कोड न वाचता कॉपी-पेस्ट करायची सवय अशी कुठेही कामी येते.

ट्रे आला. भात, मिसो सूप, थोडं लोणचं आणि एका खोलगट वाडग्यात तपकिरी रंगाचं काहीतरी. वर बारीक चिरलेली पातीची कांद्याची हिरवी टोकं. रश्शात मुळ्याचे तुकडे, करड्या रंगाचे जेलीसारखे चौकोन आणि मऊ, गुंडाळी झालेले, पांढुरके तुकडे. मी त्यांच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. त्यांनी इंग्रजी शब्द शोधायचा प्रयत्न केला, सोडून दिला आणि सरळ स्वतःच्या पोटावर हात फिरवला. मला वाटलं, 'पोटभर जेव' म्हणतायत. मी मान डोलावली. तेव्हा त्यांनी पोटावर बोटानं गोल गोल वेटोळं काढून दाखवलं.

च्यायला, आतडी!

आता इथे दोन रस्ते होते. एक, 'आय अ‍ॅम नॉट व्हेरी हंग्री' असं म्हणून भात आणि सूप संपवणं. दुसरा, खाणं. शेजारी वयानं मोठा माणूस बसलेला, त्यानं प्रेमानं आणलेलं. मी खाल्लं. पहिला घास जिभेवर ठेवला तेव्हा मनात शंका होती, तिसऱ्या घासाला नव्हती. मिसोची खारट-गोडसर चव आत शिरलेली, दातांना किंचित विरोध करून मग विरघळणारा तो तुकडा, वरून भुरभुरलेला मिरचीचा मसाला. भात संपला, पुन्हा घेतला. या पदार्थाचं नाव मोत्सुनिकोमी. मोत्सु म्हणजे आतडी, जठर वगैरे आतला ऐवज. निकोमी म्हणजे मंद आचेवर बराच वेळ शिजवलेलं. बहुतेक ठिकाणी डुकराचं असतं, तिथेही होतं.

फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला. 'आज जपानी मोत्सु खाल्लं, अफलातून!' आतेबहिणीनं लगेच 'सो एक्झॉटिक' लिहिलं. पुण्याच्या काकांनी 'परदेशी गेल्यावर सगळं खाऊन बघावं' असा आशीर्वाद दिला. आणि बाबा, जे ग्रुपवर सुप्रभातापलीकडे कधीही काही लिहीत नाहीत, त्यांचा मेसेज आला:

'वजडी आहे ही. डुकराची दिसते. नीट धुतली आहे.'

मी चाट. एका फोटोवरून? आणि बाबांना वजडीतलं कळतं कसं? मी डोंबिवलीत वाढलो. आमच्या घरी रविवारी मटण व्हायचं, पण वजडी कधी शिजलेली मला आठवत नाही. तो शब्दसुद्धा मी घरात ऐकला नव्हता. ऐकला होता तो कॉलेजात, आणि तो प्रसंग मला आजही आवडत नाही. तो सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर ते बरोबर होणार नाही, म्हणून सांगतो.

सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपमधल्या एका मित्रानं सोमवारी डब्यात रविवारची उरलेली वजडी आणली होती. डबा उघडल्यावर वास आला. वाईट नव्हता, वेगळा होता. कुणीतरी विचारलं, काय आहे? त्यानं सरळपणे सांगितलं. यावर मी म्हणालो, 'ई, घाण! म्हणजे त्यात ते... असतं ना?' सगळे हसले. तोही हसला. डबा बंद केला आणि कॅंटीनमधून वडापाव आणला. त्यानंतर तीन वर्षं त्याच्या डब्यात फक्त पोळी-भाजी असायची. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी काही बोललो नाही.

आणि दहा-बारा वर्षांनी मी शिनागावाला बसून तोच अवयव चॉपस्टिकनं उचलून 'अफलातून' लिहीत होतो.

जरा तांत्रिक बाजू बघू, म्हणजे आपण नक्की कशाला नाक मुरडतो ते तरी कळेल. बकरा, मेंढी, गाय हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या जठराला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, आतून टर्किश टॉवेलसारखा खरखरीत. दुसरा मधमाशीच्या पोळ्यासारखा षटकोनी जाळीचा. तिसऱ्याला पुस्तकासारखी पानंच पानं. चौथा गुळगुळीत, आपल्या जठरासारखा. जपान्यांनी गाईच्या या कप्प्यांना वेगवेगळी नावं दिली आहेत. दुसऱ्याला 'हाचिनोसु' म्हणजे मधमाशीचं पोळं, तिसऱ्याला 'सेनमाइ' म्हणजे हजार पानं. किती सुंदर! आपल्याकडे बकऱ्याचे हे कप्पे आणि आतडी मिळून एकच शब्द: वजडी. कुणी वजरी म्हणतं, हिंदीत ओझडी. आणि तो शब्दही आपण आवाज खाली आणून उच्चारतो.

सगळी मेहनत आहे ती साफसफाईत. जठराला चुना लावून, गरम पाण्यात बुडवून वरचा काळपट पापुद्रा सुरीनं खरवडायचा. पाणी कमी गरम असेल तर पापुद्रा सुटत नाही, फार गरम असेल तर घट्ट बसतो. आतडी आतून-बाहेरून उलटी करून मिठानं चोळून धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत. मग हळद-मीठ घालून एक उकळी, ते पाणी फेकायचं. त्यानंतर कांदा-खोबऱ्याचं वाटण, मसाला आणि कुकरच्या भरपूर शिट्ट्या. तिकडे टोकियोतही क्रम जवळजवळ हाच. धुणं, पहिलं पाणी फेकणं, वास मारायला आलं, आणि मग तासन् तास मंद आच. कारण दोन्हीकडे एकच आहे: हे चिवट ऊतक कोलॅजेनचं असतं, ते हळूहळू शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि चामड्याचं लोणी होतं. स्वस्त मांस वेळ मागतं. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्या घरच्या बायकांना हा वेळ खर्च करावा लागतो.

आता पुन्हा शिनागावा. एके दिवशी मी ऑफिसच्या खिडकीतून खाली पाहत होतो आणि मनोऱ्यांच्या अगदी मधोमध एक मोठं, बसकं आवार दिसलं. ट्रक आत-बाहेर करत होते. विचारल्यावर कळलं की तो टोकियोचा मांसबाजार आणि कत्तलखाना. १९३६ पासून तिथे आहे. म्हणूनच आजूबाजूला मोत्सुची दुकानं. साधं लॉजिस्टिक्स: हा माल लवकर खराब होतो, म्हणून जिथे जनावर कापलं जातं त्याच्या जवळ तो चांगला मिळतो. मनोरे नंतर आले. तिथे मांसाची माहिती देणारं एक छोटं दालन आहे. त्यात कत्तलखान्यातल्या कामगारांना आलेली द्वेषानं भरलेली पत्रं मांडून ठेवली आहेत. तुम्ही मांस कापता म्हणून तुम्ही नीच, असा त्यांचा सूर. टोकियोसारख्या शहरात, आपल्याच काळात लिहिलेली पत्रं.

मी चकित झालो, आणि चकित झाल्याची मला लगेच लाजही वाटली. भारतातून आलेल्या माणसानं यात चकित होण्यासारखं काय आहे?

जपानमध्ये इ.स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या ठराविक महिन्यांसाठी बंदी घातली. पुढे बौद्ध विचार आणि शिंतोच्या विटाळाच्या कल्पना मिळून मांस हे अपवित्र ठरत गेलं. पण चामडं तर सगळ्यांना हवं होतं. मग मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे लोक गावाबाहेर गेले आणि जन्मानं अस्पृश्य ठरले. १८७१ मध्ये सरकारनं कायद्यानं हा भेद संपवला. १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं स्वतः गोमांस खाल्लं, आणि मांस एकदम आधुनिक झालं. भेद मात्र उरला. या समाजाला आज बुराकु म्हणतात. ओसाकाजवळच्या त्यांच्या वस्त्यांत आतडी तळून त्यांची चरबी काढून घ्यायची आणि उरलेले कुरकुरीत तुकडे खायचे, त्याला 'आबुराकासु' म्हणतात. मांस वाळवून ठेवतात, ते 'साइबोशी'. ओसाकाचाच उएहारा योशिहिरो हा लेखक, स्वतः बुराकु. त्यानं २००५ मध्ये एक पुस्तक लिहिलं, भेदभाव सोसलेल्यांच्या जेवणाबद्दल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपासून नेपाळमधल्या अस्पृश्यांपर्यंत फिरून तो शेवटी स्वतःच्या ताटापाशी येतो.

आपल्याकडे हेच काम शाहू पाटोळे यांनी केलं. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे त्यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं, त्याची कृती, त्यामागची वाटणी आणि अपमान, सगळं त्यात आहे. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या तिथेही आहेत, त्यांना चान्या म्हणतात. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी सारख्याच परिस्थितीत सारखंच उत्तर काढलं. पुस्तकाचं नावच पाहा ना. आपण लहानपणापासून म्हणत आलो की अन्न हे पूर्णब्रह्म. कुणाचं अन्न, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

असो. परत आल्यावर मी बाबांना म्हटलं, 'चला, लालबागला वजडी खाऊ.' वाटलं होतं नाही म्हणतील. ते म्हणाले, 'शनिवारी चल. साडेबाराच्या आत पोचायला पाहिजे, नंतर संपते.'

बाबा लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा गिरणीत साचे खात्यात. भारतमाता सिनेमावरून पुढे जाताना बाबा मला एकेक दाखवत होते. इथे भोंगा ऐकू यायचा, इथे पगाराच्या दिवशी पठाण उभे असायचे, इथे अमक्याची खानावळ होती. खानावळ हा गिरणगावचा कणा होता. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून एकटे आलेले पुरुष, एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्यांच्याच वस्तीतल्या बाया. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या तावडीतून त्यांना बँकेच्या कर्जाकडे नेलं. एरवी गिरणगावाचा इतिहास म्हणजे युनियन, मोर्चे आणि पुढारी. ते सगळे जेवत कुठे होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आम्ही ज्या ठिकाणी गेलो तिथे पाच टेबलं, भिंतीला पंखा, स्टीलचे पेले. बाहेर फळ्यावर खडूनं: मटण, खिमा, कलेजी, वजडी. मावशींनी ताट आणलं. दोन भाकऱ्या, कांदा, लिंबू, भात आणि वाटीत तांबूस काळसर रस्सा. मसाल्याचा वास मसाला गल्ली तिथून किती जवळ आहे हे सांगत होता. मी तुकडा उचलला. टॉवेलचा कप्पा. जाळीचा कप्पा. एक पानांचा. मोत्सुसारखंच दातांना तोच किंचित विरोध, मग तेच विरघळणं. फक्त इथे खोबरं, लवंग आणि तिखट असं की कपाळावर घाम.

मी भारावून बोलायला लागलो. म्हणालो, 'बाबा, हे इतकं चांगलं, आणि आपण घरी कधीच केलं नाही! का? लाज वाटत होती का? डोंबिवलीला सोसायटीत वास जाईल म्हणून?' माझा सिद्धांत तयारच होता. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेला मध्यमवर्ग, बँकेतली नोकरी, शेजाऱ्यांची नाकं, त्यामुळे सोडलेलं खाणं. वर जपानचे दाखलेही होते. लेखच जवळजवळ लिहून झाला होता.

बाबांनी भाकरी रश्शात बुडवली. म्हणाले, 'लाज कसली? संप आठव.'

१८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तेव्हा बाबा पंधरा वर्षांचे होते. त्याआधी वजडी म्हणजे मजा होती. आजोबांना पगार झाला की रविवारी मटण, आणि मध्येच एखाद्या आठवड्यात वजडी, कारण आजोबांना ती मटणापेक्षा जास्त आवडायची. संपात पगार थांबला. मटण बंद झालं. मग कधीतरी खाटीक ओळखीचा म्हणून वजडी द्यायचा, कधी उधार, कधी नुसतीच. बाबांना पातेलं घेऊन पाठवायचे. आजी म्हणायची, 'झाकून आण.' ती दुपारभर चाळीच्या मोरीत बसून चुना लावून खरवडत बसायची. मसाला संपत आला होता, तेल मोजून. नुसत्या हळद-मिठात शिजवलेली वजडी आठवड्यात तीन-तीनदा.

'आजोबा जेवायचेच नाहीत,' बाबा म्हणाले. 'त्यांची आवडती होती ना, म्हणून. समोर ताट घेऊन नुसते बसायचे. मला नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराला मी मटण आणलं. आईला म्हटलं, यापुढे ती नको. चव वाईट म्हणून नव्हे रे. परवडत नाही म्हणून खायचं आणि आवडतं म्हणून खायचं, यात फरक असतो.'

मी गप्प. माझ्या तयार सिद्धांताचा तिथेच क्रॅश झाला.

थोड्या वेळानं मी विचारलं, 'मग आज का आलात?'

'आज तू पैसे देणार आहेस म्हणून,' ते म्हणाले आणि मावशींना आणखी एक वाटी सांगितली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात फिरतोय. माझं मत थोडक्यात असं आहे.

सध्या जगभर 'नोज टू टेल' खाण्याचं कौतुक आहे. नाकापासून शेपटीपर्यंत, काहीही वाया न घालवता. लंडनमध्ये फर्गस हेंडरसननं १९९४ मध्ये स्मिथफिल्डच्या मांसबाजाराजवळ 'सेंट जॉन' हे रेस्टॉरंट काढलं आणि १९९९ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, तिथून ही लाट आली. विचार चांगला आहे. मांस खायचं तर जनावराचा मान राखून सगळं खावं, यात न पटण्यासारखं काय आहे? पण या कौतुकात एक गोष्ट गाळली जाते. ज्यांनी हे पिढ्यान् पिढ्या खाल्लं, त्यातल्या अनेकांना बाकीचं मिळतच नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं. अनेकांनी ते सोडलं. त्या सोडण्यात स्वाभिमान होता. माझ्या वडिलांचं वजडी सोडणं त्या मोठ्या गोष्टीच्या जवळपासही जात नाही, बकऱ्याची वजडी आणि ओढून आणलेलं मेलेलं ढोर यात अंतर आहे. पण एक धागा सारखा वाटतो. माणसाला एखादी गोष्ट नाकारता आली पाहिजे. नाकारता आली, तरच पुढे कधीतरी ती आवडीनं खाता येते.

म्हणून 'आपलं पारंपरिक खाणं विसरलो हो आपण' असा गळा मला काढायचा नाही. ज्यांनी सोडलं त्यांच्याकडे कारणं होती. आजी दुपारभर मोरीत बसायची, तिला विचारलं असतं तर तिनंही सोडलंच असतं.

माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे, आणि तो आधी माझ्यावर आहे. आपली किळस जिभेतून येते असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा ती समोरच्या माणसाकडे बघून येते. तोच अवयव. मिसोमध्ये शिजला, जपानी नाव लावून आला, तर मी त्याचा फोटो काढतो. मित्राच्या स्टीलच्या डब्यातून आला तर 'ई, घाण'. माझी जीभ दोन्ही वेळा तीच होती. बदलला होता तो डबा उघडणारा माणूस, आणि त्याच्याबद्दल काय बोललं तर चालतं हा माझा अंदाज.

आणि गंमत बघा, मुंबईत हे न खाणारा समाज शोधावा लागेल. दादरच्या पारशी कॉलनीत आलेटी-पालेटी म्हणजे कोंबडीची कलेजी आणि पोटं. ख्रिश्चनांच्या घरी नाताळात सोरपोतेल, त्यात काळीज आणि अस्सल कृतीत रक्तसुद्धा. भेंडी बाजारात भेजा आणि गुर्दा-कलेजी. घाटावर रक्ती-मुंडी. प्रत्येकाच्या चुलीवर काही ना काही आतलं शिजतंच. तरीही 'आमच्यात नाही हं खात' हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की जणू ती आपल्या घराण्याची पदवी आहे.

काही आक्षेप खरे आहेत, ते मान्य. स्वच्छता हा पहिला. हा माल नीट धुतला आणि शिजवला नाही तर आजारी पडाल, त्यामुळे खात्रीच्या ठिकाणीच खा. ज्यांना युरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे त्यांनी कलेजी-गुर्द्यापासून लांब राहावं, भेज्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. जे शाकाहारी आहेत त्यांच्याशी माझा काही वाद नाही. त्यांचा प्रश्न मुळात जनावर मारावं की नाही हा आहे, आणि तो वजडीइतकाच चिकन टिक्क्यालाही लागू आहे. आणि ज्यांना चवच आवडत नाही, त्यांनी खाऊ नये. मलाही कारलं आवडत नाही. पण कारलं खाणाऱ्याकडे बघून मी खुर्ची सरकवत नाही.

एवढंच माझं मागणं आहे. खुर्ची सरकवू नका. आज आपल्या ऑफिसच्या पँट्रीत मायक्रोवेव्हपाशी कुणीतरी डबा गरम करतं, वास पसरतो, आणि कुणीतरी नाकाला रुमाल लावतं. कधी कधी तर ग्रुपवर 'कृपया उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत' असा गोड शब्दांतला मेसेज येतो. त्या 'उग्र' यादीत सुकट असते, बोंबील असतो, वजडी असते. कोरियन नूडल्स नसतात. ज्या जमिनीवर आपलं हे ऑफिस उभं आहे तिथे एके काळी साचे चालत होते आणि दुपारच्या सुट्टीत शेकडो डबे एकदम उघडत होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? तिथेही भेद होता, हे सांगायला हवं. कापड खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यात धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि त्यांचं उष्टं इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे तोंड, उष्टं, वास, विटाळ, हे सगळं याच जागेवर आधी होऊन गेलंय. आपण फक्त त्याला एअर फ्रेशनर मारलाय.

मागच्या आठवड्यात मी त्या कॉलेजच्या मित्राला फोन केला. बऱ्याच वर्षांनी. आधी इकडचं तिकडचं, ईएमआय, मुलं, शेअर मार्केट. मग धीर करून तो डब्याचा प्रसंग काढला आणि सॉरी म्हटलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, 'अरे, मी विसरलो पण.' सिनेमात तसंच म्हणतात.

तो म्हणाला, 'हो, आठवतंय. आई त्या दिवशी पहाटे उठून गरम करून भरून दिली होती.'

मग दोघंही थोडा वेळ गप्प. शेवटी मी विचारलं, अजून करता का घरी? म्हणाला, आता आई थकली, बायको करते, पण साफ करायला मी बसतो. ये एकदा.

येत्या रविवारी जातोय. बाबांनाही घेऊन. चुना लावून खरवडायला बसणार आहे मी, पाणी किती गरम हवं ते बाबा सांगणार आहेत.